मोठ्या पलंगाची खोली

११ नोव्हेंबर

आज सूनबाईंनी ही कोरी रोजनिशी आणून दिली. म्हणाल्या, "बाबा, तुम्ही हे सगळं लिहून का काढत नाही? न्याहारीच्या टेबलावर सांगितलेलं हवेत विरून जातं." या घराच्या इतिहासाचे मोल त्यांना कळले, याचे मला समाधान वाटले. उशिरा का होईना.

माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले. पुढे वडिलांनी दुकानात बसवले. तथापि माझे अक्षर वर्गात सर्वांत चांगले होते, आणि तराजू व वजने यांच्या धंद्यात जन्म गेल्यामुळे कमीजास्त बोलण्याची सवय लागली नाही. येथे जे असेल ते लिहीन, नसेल ते लिहिणार नाही.

प्रथम घराविषयी. घर दगडी, दुमजली असून रस्त्याकडील भिंतीवर नगरपालिकेने लावलेली पितळी पाटी आहे. तीवर पणजोबांचे नाव व घर बांधल्याचे वर्ष आहे. दुकान बंद पडल्यानंतर चिरंजीव व सूनबाई यांनी घरात पाहुणे ठेवण्याचा व्यवसाय सुरू केला. रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी. परक्या माणसाने आपल्या छताखाली पैसे मोजून झोपावे, हे मला रुचले नव्हते. परंतु घर हातातून जाऊ द्यायचे नसेल तर दुसरा मार्ग नाही, असे चिरंजीव म्हणाले. मी एकच अट घातली, की न्याहारीला टेबलाच्या शिरोभागी घरचा कर्ता या नात्याने मी बसेन. ती मान्य झाली.

पाहुण्यांची सर्वाधिक मागणी वरच्या मजल्यावरील रस्त्याकडच्या खोलीस असते. तेथे पणजोबांनी करून घेतलेला मोठा शिसवी पलंग आहे. तो इतका उंच आहे की चढण्यास पायरी ठेवावी लागते. आमच्या घराची रीत अशी, की घरच्या धडधाकट माणसाने त्यावर निजायचे नाही. ज्याचे दुखणे बरे होणारे नाही, त्यास वर नेऊन त्या पलंगावर ठेवावयाचे. पणजोबा, पणजी, आजोबा, आजी, थोरले काका, माझे वडील, माझी आई, सर्वांनी शेवटचा श्वास तेथेच घेतला. इतरांच्या घरी माणूस जिथे पडेल तिथे जातो. आमच्या घरी तसे नाही.

काल त्या खोलीत नवविवाहित जोडपे होते. ज्या पलंगावर आपण निजलो त्याची थोरवी पाहुण्यास ठाऊक असावी, म्हणून मी न्याहारीच्या वेळी सर्वांची नावे क्रमाने सांगितली. वडिलांचे अखेरचे शब्दही सांगितले. नवरीने चमचा खाली ठेवला. त्यांचा मुक्काम आठवडाभर होता, परंतु ते दुपारच्या आतच निघून गेले. काही तातडीचे काम निघाले असावे.

१३ नोव्हेंबर

चष्मेवाला आला. हा गृहस्थ चष्म्यांच्या काड्या व काचा घेऊन गावोगाव फिरतो आणि महिन्याकाठी एकदोनदा आमच्याकडे उतरतो. त्याला मी मागेच पलंगाचा इतिहास सांगितला होता. तो हसून म्हणाला होता, "मालक, इतकी माणसं इथून थेट वर गेली म्हणजे हा पलंग नव्हे, लिफ्टच म्हणायची की! मला फक्त बटण कुठंय ते सांगून ठेवा, चुकून दाबायचं." थट्टा मला आवडली नाही. तरीही हा मनुष्य त्या पलंगावर निर्धास्त झोपतो, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

सूनबाईंनी त्याला विचारले, "आज बाबांनी नवीन काही सांगितलं का?" तो म्हणाला, "नाही वहिनी, हल्ली लिहितात म्हणे." दोघेही हसले. रोजनिशीची वार्ता पाहुण्यांपर्यंत पोचली आहे.

१९ नोव्हेंबर

डॉक्टर कुटुंबास, म्हणजे चिरंजीवांच्या आईस, तपासून गेले. बोळात उभे राहून ते चिरंजीवांशी हलक्या आवाजात बोलत होते. मी तेथे गेलो आणि म्हणालो, "जे असेल ते माझ्यासमोर बोला." ते म्हणाले, "आता औषधाने फरक पडणार नाही. त्यांना जिथं बरं वाटेल तिथं राहू द्या." मी त्यांना सांगितले की त्याची चिंता नको, आमच्या घरी जागा ठरलेली आहे.

कुटुंब सध्या स्वयंपाकघराशेजारच्या लहान खोलीत असते. गुडघे गेल्यावर जिना नको म्हणून तिने तिथे लोखंडी खाट टाकून घेतली होती. ती खोली म्हणजे मुळात सामानाची. पलीकडे बेकरी आहे आणि बेकरीची भट्टी याच भिंतीला लागून असल्याने भिंत सदा कोमट असते. तेथे ती आणि सूनबाई भाजी निवडत बसतात आणि अखंड बोलतात. काय बोलतात हे मी कधी विचारले नाही. बायकांचे बोलणे.

संध्याकाळी मी तिला पलंगाविषयी सांगितले. ती म्हणाली, "इतक्यात कशाला?"

मी म्हणालो, "व्यवस्था ऐनवेळेवर टाकू नये."

बराच वेळ तिने पांघरुणाचा काठ चाचपला. मग विचारले, "अहो, ती खिडकी उघडते का आता?"

ती खिडकी वडिलांच्या वेळेपासून जाम आहे, हे तिला ठाऊक आहे. तसे मी सांगितले. ती "हं" म्हणाली. मागाहून लक्षात आले, की माझ्या आईची सेवा तिने त्याच खोलीत एक संपूर्ण हिवाळा व एक उन्हाळा केली होती. खोलीची चौकशी करते यावरून तिचेही मन तयार होत आहे.

२२ नोव्हेंबर

सूनबाईंना वरची खोली मोकळी करण्यास सांगितले.

"बाबा, पंधरा डिसेंबरपर्यंत खोली दिलेली आहे."

"रद्द करा."

"असं कसं रद्द करणार? लोकांनी आधीपासून ठरवलंय."

"लोकांनी आधीपासून? या घरात आम्ही किती आधीपासून आहोत ते बाहेरच्या पाटीवर वाचा."

"पाटी मीच पुसते रोज," त्या म्हणाल्या. "आणि आईंना खाली बरं वाटतंय. चहा मागितला की हात लांब करून देते मी. वर कोण देणार? तुम्ही?"

मी चिरंजीवांकडे पाहिले. ते फरशीकडे पाहत होते. त्यांना लहानपणापासून फरशीकडे पाहण्याची सवय आहे. मी म्हणालो, "तुमची आई मरणाच्या दारी आहे आणि तुम्हाला भाड्याची काळजी." त्यावर सूनबाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी तोंड उघडलेही. मग स्वयंपाकघरातून कुटुंबाने त्यांना हाक मारली आणि त्या निघून गेल्या.

२६ नोव्हेंबर

वरच्या खोलीच्या दारास 'आरक्षित' अशी पाटी टांगलेली आहे. पाहुणे काल सायंकाळी येणार असे सूनबाई म्हणाल्या, म्हणून मी कोट घालून बैठकीत बसलो. घरचा कर्ता पाहुण्यास सामोरा गेला पाहिजे. कोणीही आले नाही. सकाळी न्याहारीलाही कोणी नव्हते. सूनबाई म्हणाल्या की पाहुणे उशिरा आले आणि पहाटेच गेले. लोकांना हल्ली रीतभात उरलेली नाही.

२८ नोव्हेंबर

कन्येचा फोन आला. तिचे म्हणणे, आईला माझ्याकडे पाठवा, इथे अंगणात ऊन असते, आणि मी नोकरी सोडून घरीच आहे. मी नकार दिला. तिने आईला फोन द्यायला सांगितले. कुटुंब म्हणाली, "नको ग. मी इथं हिच्याजवळ बरी आहे." त्यावर पलीकडून कन्या बहुधा रडली, कारण कुटुंब बराच वेळ "उगी, उगी" म्हणत होती. म्हणजे घर सोडण्याची तिची इच्छा नाही. मी म्हणतच होतो.

२ डिसेंबर

दुपारी लहान खोलीतून हसण्याचा आवाज आला. सूनबाई कुटुंबाचे केस विंचरत होत्या आणि दोघी हसत होत्या. मी दारात येताच गप्प झाल्या. "चालू द्या," असे मी म्हणालो, परंतु ते पुढे चालले नाही. सूनबाई कंगवा घेऊन उठल्या.

मी खाटेपाशी बसलो. कुटुंबाचा हात फार हलका झाला आहे. मी म्हणालो, "पाहुणे गेले की तुला वर नेतो."

ती म्हणाली, "आईंच्या अंगाखालची चादर बदलताना मला वाटायचं, हा पलंगच त्यांना सोडत नाही."

मी म्हणालो, "जुन्या सुताराचे काम आहे. एक सांधा हललेला नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसली आणि म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या."

५ डिसेंबर

आज या घरात खोटे वजन सापडले.

चष्मेवाला काल रात्री मुक्कामास होता. न्याहारीला मी त्यास सहज विचारले, की वर कोण पाहुणे आहेत, दिसत नाहीत. तो पावास लोणी लावत म्हणाला, "वर? वर कोण असणार मालक? मी काल किती म्हटलं वहिनींना, मला माझी लिफ्ट द्या, तर म्हणे भरलीय. मी आपला मागच्या खोलीत मुकाट झोपलो. सकाळी वर मोरीकडे जाताना बघतो तर दार उघडं, गादी तशीच, घडी मोडलेली नाही. मला वाटलं, मीच नकोसा झालो."

इतके बोलून त्याने सूनबाईंकडे पाहिले आणि त्याच्या ध्यानात आले असावे, कारण तो एकदम म्हणाला, "म्हणजे माझी नजरसुद्धा काही फार चांगली नाही हो," आणि पाव तसाच टाकून उठला.

मी सूनबाईंना विचारले, "पाहुणे आहेत की नाहीत?"

"नाहीत."

"कधी होते?"

"नव्हते. मीच पाटी लावली."

"का?"

स्वयंपाकघराचे दार उघडे होते. आतल्या दारातून खाट दिसते. कुटुंब उशीला टेकून बसली होती आणि आमच्याकडेच पाहत होती. तिने मान किंचित हलवली. दुखण्यामुळे तिची मान हल्ली हलते. सूनबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "धंद्यासाठी. माणूस गेलेल्या खोलीत पाहुणे राहत नाहीत, म्हणून."

निदान कबुली सरळ दिली. मी चढ्या आवाजात बोललो नाही. इतकेच म्हणालो, की पणजोबांपासून आजतागायत या घरातून खोटे माप बाहेर गेले नाही, ते तुमच्या हातून घरातल्या घरात वापरले गेले. चिरंजीवांना सांगितले, "उद्या सकाळी आईला वर न्यायचे."

चिरंजीव म्हणाले, "बाबा, एकदा आईला विचारू या का?"

मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी माझ्या आईला विचारले नाही. विचारावे लागत नाही, त्यालाच घर म्हणतात."

ते फरशीकडे पाहू लागले.

६ डिसेंबर

कुटुंबास वर नेले. चिरंजीवांनी तिला दोन्ही हातांवर उचलले. जिन्यात त्यांना एकदाही थांबावे लागले नाही. सूनबाई मागून उशी घेऊन आल्या. मी स्वतः पायरी लावली, चादर नवी घातली, पलंगाचे खांब तेलाने पुसून ठेवले होते.

वर ठेवल्यावर ती म्हणाली, "फार उंच आहे हो."

मी म्हणालो, "सवय होईल."

"तुमच्या मनासारखं झालं ना?"

"झाले."

"मग झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने तिने दार उघडे ठेवण्यास सांगितले. भांड्यांचा आवाज ऐकू येतो का पाहते, म्हणाली. मी सांगितले की येथपर्यंत आवाज येत नाही. पूर्वजांनी विश्रांतीसाठी मुद्दाम ही खोली निवडली होती. तरीही तिने दार लावू दिले नाही.

९ डिसेंबर

ती दोन दिवस झाले काही खात नाही. सूनबाई दर थोड्या वेळाने जिना चढून येतात. त्यांच्या पायांचा आवाज जिन्यावर आला की कुटुंब डोळे उघडते. मी खुर्चीवर असतो, परंतु माझ्या असण्याची तिला सवय असल्यामुळे डोळे उघडण्याचे कारण पडत नाही.

एक गोष्ट आढळली. तिचा डावा हात सतत पलंगाच्या खांबावर असतो. नावेत बसलेले माणूस काठ धरून बसते, तसा. हात सोडवून पांघरुणात घेतला तर पुन्हा बाहेर येतो.

आज ती म्हणाली, "मला खाली सोडा."

डॉक्टरांनी सांगितले होते की शेवटी बोलण्यात भ्रम येतो. मी तिला समजावले, "तू पडत नाहीस. तू मोठ्या पलंगावर आहेस. मी येथेच आहे."

"अहो, खाली."

"पलंग भक्कम आहे," मी म्हणालो.

तिचा हात पुन्हा खांबावर गेला.

१२ डिसेंबर

आज सकाळी कुटुंबाचे निधन झाले. जसे घडले तसे लिहितो.

मी खुर्चीतच होतो. पहाटे डोळा लागला असावा. जागा झालो तेव्हा खिडकीतून उजाडलेले दिसत होते आणि पलंग रिकामा होता. पांघरूण पायथ्याशी नीट घडी करून ठेवले होते. पायरी जागेवर होती.

मी खाली आलो. लहान खोलीत सूनबाई लोखंडी खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कुटुंबाचे डोके त्यांच्या मांडीवर होते. तिची पाठ भट्टीच्या भिंतीला लागली होती. स्टुलावर बशीत चहा होता, थोडा प्यायलेला. दोन्ही हात छातीवर होते, कशालाही धरलेले नव्हते.

सूनबाई म्हणाल्या, "पहाटे मी वर आले. तुम्हाला झोप लागली होती. त्यांनी माझ्याकडे हात केले. मी पाठीवर घेतलं. काही वजनच नव्हतं, बाबा."

मी विचारले, "केव्हा?"

"बेकरीवाल्यांनी भट्टी पेटवली. पाठ शेकली तशा म्हणाल्या, आता बरं वाटतंय. नंतर काही बोलल्या नाहीत."

चिरंजीव दारात येऊन उभे राहिले होते. मी त्यांना म्हणालो, "आईला वर घ्या. माणसे येतील."

ते पुढे झाले. खाली वाकलेही. सूनबाई जागच्या हलल्या नाहीत. "हात लावाल तर याद राखा," त्या म्हणाल्या. हे त्या नवऱ्यास म्हणाल्या की मला, हे कळले नाही, कारण त्या आम्हां दोघांपैकी कोणाकडेही पाहत नव्हत्या. "जन्मभर तुमच्या घरातली माणसं त्या पलंगावरून उतरवली त्यांनी. तुमच्या आईला न्हाऊ घातलं, तुमच्या वडिलांचं सगळं केलं. मला म्हणाल्या होत्या, माझं मेलं काही होवो, मला तिथं नको. आणि मला शपथ घातली, ह्यांना सांगू नकोस, ह्यांना लागेल. म्हणून मी खोटी पाटी लावली. आता सांगितलं. झालं?"

चिरंजीव सरळ उभे राहिले. या वेळी त्यांनी फरशीकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "चहा गार झाला आहे. बशी उचला."



१५ डिसेंबर

कन्या येऊन गेली. माझ्याशी बोलली नाही. दुःखाने बोलवत नसेल.

सूनबाई शोकाच्या भरात जे बोलल्या, ते मी मनावर घेतलेले नाही. कुटुंबाने मला असे कधीही सांगितले नाही. पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारात ती मला सांगणार नाही आणि काल आलेल्या सुनेला सांगेल, हे संभवत नाही. तिने खिडकीचे विचारले होते, एवढेच. आणि पलंग सोडत नाही असे म्हणाली होती. आणि उंच आहे म्हणाली होती.

आज पुन्हा वर जाऊन खिडकी उघडून पाहिली. उघडत नाही. पटाशीने चौकट थोडी तासली. तरीही नाही.

३ जानेवारी

पाहुणे पुन्हा येऊ लागले. आज न्याहारीला चष्मेवाला आणि एक वयस्कर जोडपे होते. जोडपे मोठ्या पलंगाच्या खोलीत उतरले आहे. त्या बाई शिक्षिका होत्या. त्यांनी कौतुकाने पलंगाची चौकशी केली. मी बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो. पणजोबांपासून सुरुवात केली आणि क्रमाने माझ्या आईपर्यंत आलो. या बाई घाबरल्या नाहीत. चष्मेवाला या खेपेस हसला नाही.

बाईंनी विचारले, "आणि तुमच्या मिसेस? चष्मेवाले म्हणाले, नुकत्याच गेल्या."

सूनबाई किटलीतून माझ्या कपात चहा ओतत होत्या. धार थांबली.

मी म्हणालो, "तीही तिथेच."

मग चहाची धार पुन्हा सुरू झाली. कप काठोकाठ भरला, बशीत सांडला, तरी सूनबाईंच्या लक्षात आले नाही. चष्मेवाल्याने किटली त्यांच्या हातून घेतली.

या रोजनिशीत नसेल ते लिहिणार नाही असे पहिल्या पानावर लिहिले आहे. सबब येथे दुरुस्ती करतो. कुटुंबाचा अंत मोठ्या पलंगावर झाला नाही.

११ जानेवारी

मला खोकला आहे. डॉक्टर येऊन गेले आणि बोळात चिरंजीवांशी हलक्या आवाजात बोलले. या वेळी मी तेथे गेलो नाही.

सायंकाळी सूनबाई येऊन म्हणाल्या, "बाबा, वरची खोली रिकामी ठेवते आता. तुमच्यासाठी. कोणाला देणार नाही." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी नीट पाहिले, नव्हता.

मी म्हणालो, "खोली पाहुण्यांना द्या. मागणी आहे."

"मग तुम्ही?"

मी सांगितले की जिना चढल्याने खोकला वाढतो. आणि लहान खोलीतील खाट उगाच अडून राहिली आहे. त्यांनी नवी चादर आणली, घातली आणि जाताना दार उघडे ठेवले.

येथून सूनबाई भांडी घासताना ऐकू येतात. त्या काहीतरी गुणगुणतात, हे मला ठाऊक नव्हते. भट्टी अजून पेटायची आहे. भिंतीला हात लावून पाहिला. थोडी कोमट आहे.